प्रज्ञा मेश्राम आणि माझी सही

किस्से कसे साठतात, याचा मला आता चांगलाच अनुभव आहे. ज्या माणसाशी आपलं पटतं त्याच्याबद्दल सांगा म्हटलं, तर दोन वाक्यांत गाडी अडते. 'चांगला माणूस आहे', झालं! पण ज्याच्यावर आपण जळतो त्याचं बोलणं, हसणं, डबा उघडणं, सगळं बारीकसारीक लक्षात राहतं. माझ्याकडे प्रज्ञा मेश्रामचे किती किस्से आहेत, त्यावरूनच काय ते समजून घ्या.

हो, मी जळतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी 'वानखेडे, तुम्ही जरा एकतर्फी सांगताय' असं म्हणायला नको. एकतर्फीच सांगणार आहे! नोकरीत दिवसभर निःपक्षपाती राहावं लागतं, इथे कशाला राहू?

आमचं ऑफिस रायपूरला पंडरीत आहे, साड्यांच्या ठोक दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात कायम साड्यांचे गठ्ठे, त्यामुळे ऑफिसात येताना आडवं होऊन यावं लागतं. काम म्हणजे सर्व्हेचे प्रश्न तयार करणं. तेव्हा मोठं काम होतं ते एका ऑनलाइन गेमच्या कंपनीचं. त्या गेममध्ये दहा जण टीम करून एका राक्षसाला मारतात. लढताना पडद्याच्या कोपऱ्यात एक यादी हलत असते आणि राक्षस मेला की ती पूर्ण समोर येते, कुणी किती वार केले, कोण पहिला, कोण शेवटचा. या यादीला खेळणारे 'मीटर' म्हणतात. काहींचा त्यावर जीव आहे. काहींचा त्यापायी जीव जातो, कारण जो शेवटी असतो त्याला शिव्या पडतात आणि टीममधून हाकलून देतात.

आता हे मीटर सगळ्यांना दिसावं, ज्याचं त्यालाच दिसावं, की बंद करावं, हे कंपनी खेळाडूंना विचारून ठरवणार होती. आणि कसं विचारायचं ते आम्ही ठरवणार होतो.

आम्ही म्हणजे सहा जण. देवांगन सर मालक. तिवारी फोनवरून लोकांना गाठणारा. गायत्री आणि पूर्णिमा, या दोघी साहू, आलेली उत्तरं कॉम्प्युटरमध्ये भरणाऱ्या. मग प्रज्ञा आणि मी, प्रश्न लिहिणारे. प्रत्येक प्रश्नावलीच्या शेवटी एक चौकोन असतो, 'अंतिम तपासणी'. नऊ वर्षं त्या चौकोनात माझी सही होती. तात्यापाऱ्यात आमचं घर भाड्याचं, स्कूटर लाथ मारल्याशिवाय चालू होत नाही, पण सही माझी! तिच्याशिवाय ऑफिसातून एक प्रश्न बाहेर जात नव्हता.

मग प्रज्ञा आली. आणि ती आल्यावर चार-पाच महिन्यांनी देवांगन सरांनी जाहीर केलं की या गेमचा सर्व्हे संपला की त्या चौकोनात कुणाची सही राहणार, ते एकदाचं ठरवून टाकू. 'एकदाचं' म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

*

तिचा तिसराच दिवस होता. मी गेमच्या सर्व्हेचा पहिला प्रश्न सगळ्यांना वाचून दाखवला, जरा आवाज लावून.

'मीटरमुळे तुमचा खेळ किती सुधारला? खूप, बराच, की थोडा?'

तिवारी म्हणाला, "वा भैया!" दोघी साहूंनी माना डोलावल्या. प्रज्ञानं हात वर केला. ऑफिसात हात कोण वर करतं? शाळा आहे का ही?

"सर, माझा त बिघडला," ती म्हणाली. "म्या कुठं टिक करू?"

"तू खेळतेस ही गेम?"

"हव सर."

"आणि मीटरमुळे खेळ बिघडला?"

"हव ना. समोर राक्षस आणि माझं लक्ष सारखं यादीकडं. दोनदा मेली."

मी तीन पर्याय पुन्हा पाहिले. खूप सुधारला, बराच सुधारला, थोडा सुधारला. जागा होती, पण तिच्यासाठी नव्हती. असले प्रश्न मी नऊ वर्षं लिहीत होतो आणि नऊ वर्षं सगळ्यांचं सगळं सुधारत होतं! साबणानं सुधारलं, शाळेनं सुधारलं, आता मीटरनं सुधारणार होतं.

त्या दिवशी सही करताना पेन नीट चालला नाही. पेन नवीन होता.

*

पहिली चाचणी मीच लावली. खेळाडूंना प्रश्नांची लिंक पाठवली आणि आठ दिवसांत उत्तरांचा पाऊस! जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, मीटर हवंच, त्याशिवाय मजा नाही. मी खूश. इतका खूश की खालून सगळ्यांसाठी आलूगुंडे मागवले, म्हणजे आपले बटाटेवडेच, आकाराने मोठे.

देवांगन सर आलूगुंडा हातात घेऊन म्हणाले, "वानखेडे, कमाल कर दिया!"

प्रज्ञानं आलूगुंडा घेतला, फोडला, फुंकर मारली आणि विचारलं, "सर, लिंक ठेवली कुठं होती?"

"कुठे म्हणजे? मीटरच्याच खिडकीत. मीटर उघडलं की वर दिसते."

ती काही बोलली नाही. तेच तर! बोलली असती तर मी भांडलो असतो. ती नुसती फुंकर मारत राहिली. बोलला तो तिवारी.

"मतलब भैया, आपने मंदिर के दरवाज़े पे खड़े होकर पूछ लिया कि भगवान को मानते हो क्या?"

ज्यांनी मीटर बंद करून ठेवलं होतं, त्यांना बिचाऱ्यांना प्रश्न दिसलाच नव्हता. देवांगन सरांनी उरलेला अर्धा आलूगुंडा कागदावर परत ठेवला. बाकीचे चार मी एकट्यानं खाल्ले, रागाच्या भरात. रात्रभर ओव्याचं पाणी पीत होतो.

*

मग मी ठरवलं की हिची चूक पकडायचीच. माणूस आहे, कधीतरी चुकेलच ना!

ती डबा खायला बसली की मी तिचे कागद चाळायचो. तीन आठवडे काही सापडलं नाही. तिचे प्रश्न असे की ते वाचून, लिहिणाऱ्याला मीटर आवडतं की नाही, तेच कळत नव्हतं. मला सांगा, इतकं स्वच्छ लिहिणाऱ्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा?

चौथ्या आठवड्यात सापडलं! 'मीटर उपयोगी आणि वापरायला सोपं आहे असं तुम्हाला वाटतं का?' एका प्रश्नात दोन प्रश्न! उपयोगी आहे पण सोपं नाही असं ज्याला वाटतं, त्यानं काय करायचं? मी लाल पेनानं गोल केला. गोलाभोवती दुसरा गोल केला. मीटिंगमध्ये देवांगन सरांसमोर कागद ठेवला आणि अगदी मोठेपणा घेऊन म्हणालो, "होतं असं सुरुवातीला. शिकेल हळूहळू."

प्रज्ञानं कागद पाहिला. "बरोबर हाये सर. हे चूकच हाये."

मला वाटलं, जिंकलो.

"मलेही खटकलं होतं," ती म्हणाली, "पण हा प्रश्न तुमच्या जुन्या फाइलीतून घेतला होता. म्हटलं, सरांनी सही केली हाये त काही कारण असन."

देवांगन सरांनी फाइल मागवली. मी म्हणालो, फाइल सापडत नाही. पूर्णिमा साहू उठली आणि शोधून घेऊन आली! या मुलीला एरवी स्वतःची ओढणी सापडत नाही.

*

तिवारीचा किस्सा इथेच सांगतो, नाहीतर राहील.

काही खेळाडूंना आम्ही फोन करून प्रश्न विचारत होतो. ते काम तिवारीचं. आवाज गोड, बोलणं लाघवी, मीच तयार केलेला माणूस. तो विचारायचा, "भैया, मीटर से कोई परेशानी तो नहीं है ना?" समोरचा म्हणायचा, "नहीं नहीं." झालं उत्तर!

प्रज्ञानं एक दिवस त्याच्या शेजारी बसून ऐकलं. मग म्हणाली, "भैया, आप 'तो नहीं है ना' बोलते हो तो सामनेवाला शर्मा जाता है." आणि त्याला सांगितलं की कागदावर आहे तसंच, एका सुरात वाचायचं. वर नाही, खाली नाही.

तिवारीनं चार दिवस सराव केला. नऊ वर्षांत मी सांगितलेलं एक काम त्यानं दुसऱ्यांदा न सांगता केलं नव्हतं. हिच्यासाठी जिन्यात उभा राहून, साड्यांच्या गठ्ठ्यांना प्रश्न वाचून दाखवत होता!

पाचव्या दिवशी त्यानं पहिला फोन लावला. एकच सूर, मध्ये श्वाससुद्धा नाही. "आप मीटर का उपयोग कितनी बार करते हैं. हमेशा. कभी कभी. कभी नहीं."

पलीकडून टूं असा आवाज आला. मग शांतता. पुन्हा टूं.

समोरच्याला वाटलं रेकॉर्डिंग आहे. तो बटण दाबत होता!

मला इतका आनंद झाला की विचारू नका. म्हटलं, आता हिची फजिती. प्रज्ञानं वहीत लिहून घेतलं, 'सुरुवातीला नाव सांगणे, मग वाचणे.' दुसऱ्या दिवशी तिवारी आधी म्हणायला लागला, "मैं तिवारी बोल रहा हूँ, ज़िंदा आदमी हूँ." लोक हसायचे आणि मग खरी उत्तरं द्यायचे. कंपनीला ते इतकं आवडलं की 'ज़िंदा आदमी' हे त्यांनी आपल्या सगळ्या फोनवाल्यांना लागू केलं.

*

घरातही सुख नाही.

प्रश्न पाठवण्याआधी बाहेरच्या कुणाला तरी वाचून दाखवावा, ही प्रज्ञाचीच पद्धत. ती बीरगांवला राहते, वडील तिथेच कारखान्यात. ती तिथल्या कामगारांना जेवणाच्या सुटीत प्रश्न वाचून दाखवते आणि कोण कुठे अडखळतो ते टिपून घेते. मीही काही कमी नाही म्हणून माझ्या बायकोला, सुषमाला, वाचून दाखवायला लागलो. ती भाजी निवडत होती.

मी वाचलं, "जो खेळाडू टीमला मागे खेचतो, त्याचं नाव सगळ्यांसमोर आलं पाहिजे असं तुम्हाला वाटतं का?"

सुषमानं मान वर केली. "ऑफिसात कोणाशी भांडण झालं का?"

"नाही. का?"

"मग प्रश्न रागात काहून लिहिला?"

"राग कुठे आहे यात?"

"मागं खेचतो म्हणे! खेचतो का तो? त्याले जमत नसन बिचाऱ्याले."

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न प्रज्ञासमोर गेला. तिनं पेन्सिलनं 'मागे खेचतो' खाली रेघ मारली आणि म्हणाली, "सर, याच्यात राग दिसून राहिला. जमत नसन एखाद्याले."

शब्दाला शब्द! मी घरी जाऊन सुषमाला सरळ विचारलं, त्या पोरीचा आणि तुझा फोन वगैरे होतो का. सुषमा म्हणाली, "तुम्ही त बिलकुलच कामातून गेले." मग तिनं प्रज्ञाबद्दल सगळं विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "हुशार दिसते पोट्टी. एक दिवस घरी आणा ना जेवाले."

आणली नाही.

*

मी मग गेम खेळायचं ठरवलं. हिला सगळं कळतं ते खेळते म्हणून, दुसरं काय! एका रविवारी दुपारी मोबाइलवर गेम उतरवून घेतली, एक कुऱ्हाडवाला घेतला आणि अनोळखी नऊ जणांच्या टीममध्ये शिरलो.

राक्षस कुठे होता, तेच मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी एका झाडावर वार करत होतो. यादी आली. दहावा, वानखेडे. नवव्यात आणि माझ्यात एवढं अंतर की मध्ये अख्खं गाव बसलं असतं. कानात एका पोराचा आवाज आला, "अंकल, आप घर जाओ." मी घरीच होतो! पुढच्या क्षणी टीममधून बाहेर.

खरं सांगतो, वाईट वाटलं. ओळख ना पाळख, तरी दोन दिवस तो आवाज कानातून जात नव्हता. सोमवारी मी जो प्रश्न लिहिला, त्याचे पर्याय होते: 'मीटर ताबडतोब बंद करावं' आणि 'मीटर हळूहळू बंद करावं'.

प्रज्ञानं कागद वाचला. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर माझी लाज काढते. तिनं खुर्ची जवळ ओढली आणि हळूच विचारलं, "सर, काल खेळलात का?"

मी पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

"माह्या टीममध्ये या. आम्ही कोणाले काढत नाही."

जायचं नव्हतं, पण गेलो. ती त्या गेममध्ये वैद्य होती, म्हणजे ती वार करत नाही, बाकीच्यांच्या जखमा भरते. मी कुऱ्हाड घेऊन धावायचो, राक्षस मला चेचायचा, आणि माझ्या अंगावर हिरवा उजेड पडून मी पुन्हा उभा राहायचो. असं कितीतरी वेळा झालं. शेवटी राक्षस मेला आणि यादी आली. मी नववा. दहावी प्रज्ञा!

मीटर फक्त वार मोजतं. जखमा भरणं त्यात धरत नाही. हे मला तेव्हा माहीत होतं. तरीही मी त्या यादीचा फोटो काढला, छापला आणि ऑफिसच्या बोर्डावर लावला. देवांगन सर थांबून म्हणाले, "अरे वाह, प्रज्ञा से आगे निकल गए!" मी म्हणालो, "बस्स, असंच." नऊ वर्षांत त्या बोर्डावर इतकं प्रेमानं मी काही लावलं नव्हतं.

प्रज्ञानं तो कागद पाहिला आणि जागेवर जाऊन बसली. संध्याकाळी प्रश्नावलीत एक नवा प्रश्न आला. 'तुम्ही टीमसाठी असं कोणतं काम करता, जे मीटरमध्ये दिसत नाही?' खाली चार मोकळ्या ओळी.

मी सही केली. नाही करायला कारण सापडलं नाही, आणि मी शोधलं होतं.

*

त्या एका प्रश्नावर लोकांनी जे लिहिलं ते भरता भरता दोघी साहू थकल्या. कुणी लिहिलं, मी नवीन मुलांना रस्ता दाखवतो. कुणी लिहिलं, मी भांडणं सोडवते. एकानं लिहिलं, 'मी शेवटचा असतो म्हणून दुसरं कुणी शेवटचं नसतं.' गायत्री साहू ते वाचून रडली. मीही वाचलं. दोनदा वाचलं, हे इथे सांगतो, ऑफिसात सांगितलं नाही.

कंपनीनं ठरवलं, मीटर ज्याचं त्यालाच दिसेल. त्यांच्या मोठ्या साहेबांचा फोन आला, देवांगन सरांनी स्पीकरवर टाकला.

"वह सवाल किसने लिखा था? जो मीटर में नहीं दिखता वाला?"

सगळ्यांनी प्रज्ञाकडे पाहिलं. ती म्हणाली, "सर, टीम ने."

टीम ने! स्वतःचं नाव घेतलं असतं तर निदान मनातल्या मनात म्हणता आलं असतं की पोरगी पुढे पुढे करते. तेवढीही सोय तिनं ठेवली नाही. मी दिवसभर पाणी पीत होतो.

*

आणि मग तो दिवस आला. सर्व्हे संपला, चौकोनातली सही ठरवायची.

देवांगन सर म्हणाले, "अपना तो काम ही राय पूछने का है. तो पूछ लेते हैं. छह लोग हैं, छह पर्चे."

मी लगेच म्हणालो, "गुप्त पाहिजे. एकदम गुप्त." मला भीती होती की उघड विचारलं तर सगळे तिच्या तोंडाकडे बघून मत देतील.

"पर्चा कौन बनाएगा?"

"वानखेडे सर बनवतील," प्रज्ञा म्हणाली. "त्यांच्याएवढा अनुभव कोणाले हाये?"

यात टोमणा कुठे आहे ते मी दोन दिवस शोधलं. नव्हता.

पण पेपर असा केला की काय सांगू! 'अंतिम तपासणीची सही कुणाची असावी?' बस्स. 'अनुभवी' नाही, 'नवीन' नाही, काही नाही. वरच्या नावाला आपोआप जास्त मतं पडतात, म्हणून तीन कागदांवर माझं नाव वर, तीनवर तिचं. कागद पालथे घालून फेटायचे, ज्याच्या हाती जो येईल तो. सहा पेन एकाच पाकिटातले. घडी दोनदाच घालायची. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत नियम: 'आपण कुणाला मत दिलं, हे कधीही, कुणालाही सांगू नये.' खाली माझी सही.

प्रज्ञानं तो पेपर हातात पेन्सिल घेऊन दोनदा वाचला. पेन्सिल खाली आलीच नाही.

"सर, याच्यात मले काहीच सापडत नाही."

मी जिना उतरून रस्त्यावर गेलो आणि उसाच्या रसाचे दोन ग्लास प्यायलो, इतका आनंद झाला.

मतदानाच्या सकाळी कागद समोर आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तिवारी आठ दिवस आधीच गळ्यात पडून म्हणाला होता, "भैया, बुरा मत मानना, मेरा वोट प्रज्ञा को." दोघी साहूंनी चहा देता देता सांगितलं होतं, "भैया, ए बार दीदी ला." देवांगन सर तर लपवतच नव्हते. चार झाले. पाचवी ती स्वतः. स्वतःला मत कोण देत नाही? म्हणजे मी माझ्या नावावर टिक केली की निकाल पाच-एक, आणि तो एक कोण, हे खालच्या साडीवाल्यालाही कळणार! सहा माणसांत कसलं गुप्त? नऊ वर्षं मी लोकांना लिहून देत होतो, 'तुमचं उत्तर गुप्त राहील.'

सहा-शून्य झालं तर निदान म्हणतील, वानखेडे मोठ्या मनाचा माणूस आहे.

मी तिच्या नावावर टिक केली. छातीत जळत होतं, आणि ते आलूगुंड्यांमुळे नव्हतं. पण केली. घडी दोनदा घातली आणि डब्यात टाकली.

देवांगन सरांनी डबा उघडला.

"प्रज्ञा. प्रज्ञा. प्रज्ञा."

चौथा कागद, "प्रज्ञा." टिक माझी होती, मी ओळखली.

पाचवा कागद उघडून सर थांबले.

"वानखेडे."

सहावा, "प्रज्ञा. पाँच-एक."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोघी साहूंनी ओढणी तोंडाला लावली. तिवारी उठून आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कोई बात नहीं भैया. अपना वोट आदमी अपने को ही देता है."

देवांगन सर म्हणाले, "आत्मविश्वास होना चाहिए, अच्छी बात है!"

मी तोंड उघडलं. समोर टेबलावर माझाच नियम होता, ठळक अक्षरांत, खाली माझी सही. मी तोंड मिटलं.

मग मी प्रज्ञाकडे पाहिलं. ती टेबलाखाली वाकून पेनाचं टोपण शोधत होती. बराच वेळ शोधत होती.

टोपण पेनाच्या मागेच लावलेलं होतं.